धरून ठेवणारा उजेड

"स्टॅच्यू!"

जिन्याच्या वरच्या वळणावरून हा आवाज यायचा आणि धाकटी असेल तिथे, असेल तशी थिजायची. एक पाय पायरीवर, एक हवेत. तोंडात अर्धं बिस्कीट. वेणीतून सुटलेली रिबीन खांद्यावर लोंबतेय, तिनेसुद्धा जणू श्वास धरलेला. मग मोठी हात मागे बांधून एकेक पायरी उतरायची, फौजदारासारखी तिच्याभोवती फेरी मारायची, आणि स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणायची:

वाऱ्या थांब, पाण्या थांब,
उडत्या पाखरा, तूही थांब;
हलेल त्याचा गेला डाव,
राज्य त्याच्यावर, त्याचंच नाव!

सोडायचं गाणं वेगळं होतं. ते ऐकल्याशिवाय पापणीसुद्धा हलवायची नाही, असा कायदा. कायदा मोठीने केलेला आणि तो पाळणारी प्रजा एकच.

सुटला वारा, सुटलं पाणी,
हल गं आता, चिमणे राणी!

एकदा मोठी "स्टॅच्यू" म्हणाली आणि तेवढ्यात खालून मैत्रिणीची हाक आली. मोठी गेली ती गेलीच. आई कामावरून आली तेव्हा धाकटी जिन्यात एका पायावर उभी. गालांवरून धारा लागलेल्या, पाय मात्र हवेतच. आईने तो हाताने खाली टेकवला तर ही म्हणाली, "ताईनं सोडलं नाहीये अजून." मोठी धापा टाकत आली. "अगं वेडे, हलायचंस की!"

"तू म्हणाली नाहीस ना."

मार मोठीला बसला, रडली मात्र धाकटी. आणि पुढे जन्मभर मोठीने ही गोष्ट पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, स्वतःच्या लग्नात नवऱ्यालासुद्धा सांगितली: "आमची धाकटी म्हणजे ना, मी सोडेपर्यंत जागची हलायची नाही."

---

मोठ्या झाल्यावर धाकटीने जे काम धरलं, ते थोडंफार असंच होतं. ती अणूंना जागच्या जागी उभं करायची.

तिच्या प्रयोगशाळेत खिडकी नव्हती. खोली भरून एक जडशीळ पोलादी टेबल, टेबलावर जत्राच भरल्यासारखे आरसे आणि भिंगं, आणि मधोमध जाड काचांच्या झरोक्यांचं एक धातूचं भांडं. भांड्यातली हवा पार उपसून काढलेली. त्या पोकळीत लिथियमच्या अणूंची चिमूटभर वाफ सोडायची आणि सगळ्या बाजूंनी लेझरचा उजेड पाडून तिची धावपळ मंद करायची. मग झरोक्यातून आत एक लाल ठिपका दिसायचा, डाळिंबाच्या दाण्याएवढा. इतकी वर्षं झाली तरी तो दिसला की धाकटीचा जीव हलका व्हायचा.

त्यापुढची तऱ्हा बशीत ओतलेल्या चहासारखी. सगळ्यांत तापलेले अणू वाफेसारखे निघून जाऊ द्यायचे, म्हणजे मागे उरतात ते आणखी निवतात. असं करत करत ते इतके गार होतात की आभाळातल्या दोन ताऱ्यांमधला अंधारही त्यांच्यापुढे उबदार म्हणावा. मग लेझरचे किरण एकमेकांवर आडवे-उभे टाकायचे. जिथे ते मिळतात तिथे उजेडाची जाळी तयार होते: अंड्यांच्या ट्रेसारखी, खळगा, कड, खळगा, कड. एकेका खळग्यात एकेक अणू जाऊन बसतो. शेजारच्या खळग्यात डोकावतो, कधी कड ओलांडून पलीकडेही जातो.

"पण कशासाठी गं हे सगळं?" मोठीने एकदा विचारलं होतं. ती बालवाडीत शिकवायची. तिला प्रत्येक गोष्टीचं 'कशासाठी' लागायचं.

"एक कण एकटा असला ना, तर त्याचं गणित सुटतं. दोघांचंही कसंबसं सुटतं. पण धातूच्या एवढ्याशा तुकड्यात कितीतरी कण असतात आणि प्रत्येकाचं शेजाऱ्याशी काहीतरी चाललेलं असतं. ते गणित जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला झेपत नाही. म्हणून आम्ही त्याची नक्कल मांडतो. मोठ्या आकाराची, सावकाश चालणारी. आणि बघत बसतो काय होतं ते."

मोठी खळखळून हसली. "म्हणजे माझा वर्गच की! एकेकटं पोर घे, अगदी शहाणं. दोघांना शेजारी बसव, मग काय होईल ते भल्याभल्यांना सांगता यायचं नाही. बघतच बसावं लागतं."

इतकं नेमकं धाकटीला स्वतःच्या व्याख्यानातही कधी सांगता आलं नव्हतं.

---

आता मोठी दवाखान्यात होती. रक्ताचा आजार. आधी बरा होतोय म्हणाले, मग उलटला म्हणाले, मग नवीन औषधं सुरू झाली. बालवाडीच्या अंगणातून रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा तिचा आवाज आता उशीच्या कडेपर्यंतही पोचेना. धाकटी रोज प्रयोगशाळेतून तडक तिकडे जायची.

"बसले का तुझे अणू शहाण्यासारखे?" मोठी विचारायची. रोज हेच.

"नाही गं. अजून निवत नाहीयेत."

मोठीने एक हट्ट धरला होता. धाकटीने तिला सांगितलं होतं की पुरेसे गार झाले, तर अणू आपण होऊन बुद्धिबळाच्या पटासारखे बसतात. एकाचं तोंड वर, शेजाऱ्याचं खाली, त्याच्या शेजाऱ्याचं पुन्हा वर. कुणी सांगावं लागत नाही. खाली तोंड करून बसलेले बाजूला सारले की उरलेले एक घर सोडून एक दिसतात. तो फोटो मोठीला बघायचा होता. "कुणी न सांगता एकाआड एक बसणारी पोरं मी उभ्या नोकरीत पाहिली नाहीत," ती म्हणायची.

फोटो काढायची रीत मात्र तिला पटली नव्हती. धाकटीने मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला होता, काळ्यावर विखुरलेले पांढरे ठिपके.

"बघायचं ठरलं की आम्ही खळग्यांच्या कडा एकदम उंच करतो. मग कुणालाच हलता येत नाही. तुझं 'स्टॅच्यू' असतं ना, तसंच. मग त्यांच्यावर उजेड टाकतो, ते चमकतात, फोटो निघतो."

"आणि मग सोडता ना त्यांना?"

"नाही. त्या उजेडानं ते तापतात, उधळून जातात. एकदा पाहिले की संपले."

"संपले?" मोठीने फोटोवरून बोट काढून घेतलं. "मग?"

"मग नवे घेतो. पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर तेच चालतं."

मोठीने मोबाइल परत केला. सलाईनची नळी तिच्या मनगटाशी हलत होती.

"बरं आहे बाई तुमचं," ती म्हणाली.

---

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते कॉरिडॉरमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या मशीनपाशी. समोर धाकटी आणि मोठीचा नवरा, म्हणजे तिचे भावजी. भावजी घड्याळं दुरुस्त करायचे. बोटं कधी स्वस्थ नसायची, पण त्या दिवशी दोन्ही हात शिवून टाकल्यासारखे खिशात.

"एकेक औषध आम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "सगळी मिळून एखाद्याच्या अंगात काय करतील, ते आधी सांगता येत नाही. बघतच जावं लागतं. आम्ही बघितलं. नवीन औषधही लागू पडलेलं नाही. आता त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

धाकटीला ही भाषा आपल्या घरचीच वाटली. हिशेब लागत नाही तेव्हा नक्कल मांडायची आणि बघायचं, हेच तर तिचं काम. पण दुसरी ताई कुठून आणणार? इथे एकच होती. एकदाच.

"तिची मुलगी लांब शिकते," ती म्हणाली. "सुट्टी लागली की येणार आहे."

बाईंनी खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "बोलावणार असाल तर आताच बोलवा. सुट्टीची वाट बघू नका." मग म्हणाल्या, "त्यांना मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

"आम्ही सांगू," भावजी घाईने म्हणाले.

बाई गेल्या. भावजींनी मशीनखाली पेला धरला, तो भरून वाहायला लागला तरी त्यांना कळलं नाही.

"सांगायचं नाही तिला," ते म्हणाले. "हिमतीवर उभी आहे ती. हिंमत गेली की..."

"पण भावजी, पोरीला तरी..."

"पोरगी अचानक दारात उभी राहिली तर हिला कळायचं राहील का? हिच्याशी खोटं बोलून कुणाचं निभलंय? थोडं थांबू. एवढी औषधं गेलीत अंगात, एखादं उशिरा लागू पडतही असेल." त्यांनी भरलेला पेला मशीनवर ठेवला. "तुमच्या तोंडून निघायला नको. तुम्हाला तिचीच शपथ आहे."

चांगली कर्ती-सवरती बाई, परगावच्या सभांत माना डोलवायला लावणारी, पण ताईची शपथ पडल्यावर ती जिन्यातली पोर झाली. एक पाय हवेत.

आणि मोठी रोज फोनवर लेकीला सांगत राहिली, "अगं, कशाला धावतपळत येतेस? परीक्षा होऊ दे. सुट्टीला ये. तोवर मी उठून बसते की नाही बघ." पलीकडून पोर हसायची. खोलीत धाकटी खिडकीच्या पडद्याची चुणी सारखी करायची, भावजी थर्मासचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करायचे. तिघंही एकाच खोलीत, पण प्रत्येकाचा खळगा वेगळा, आणि मधल्या कडा दिवसागणिक उंच होत चाललेल्या.

---

प्रयोगशाळेतही काही धड होईना. अणू जाळीत बसायचे, पण पट मांडला जायचा नाही. जिथे वर तोंड हवं तिथे खाली, खाली हवं तिथे वर, आणि मधूनच एखादं घर रिकामं. कॅमेरा सांभाळणारा सोबती, ज्याला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे, दर फोटोमागे एक उसासा टाकायचा.

"पुन्हा खिचडी," तो म्हणाला. "बाईसाहेब, यांचं शेजाऱ्यांशी पटत नाही. आमच्या सोसायटीसारखं."

"अजून निवले नाहीत. जाळीत जरा जास्त वेळ ठेवू." तिने कीबोर्डवर आकडा वाढवला.

फोटो आला. पुन्हा खिचडी, जरा विरळ.

"आणखी थोडा वेळ."

आणखी विरळ. धाकटीने आकडा पुन्हा वाढवला. जाळीत ठेवायचं, धरून ठेवायचं, हात लावायचा नाही, बघायचं नाही. बघितलं की संपलं. बघितलंच नाही तर आत ते सगळे अजून असतील. हळूहळू निवत, एकमेकांचा अंदाज घेत, आपापली जागा शोधत. कदाचित आत्ता बसतील. कदाचित आणखी क्षणभराने. तिने आकडा वाढवला. दुर्बिणीने तिच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा वाढवला. झरोक्यातून तर काही दिसण्यासारखं नव्हतंच. नुसता काळोख, आणि त्या काळोखात आपले सगळे सुखरूप आहेत हा भरवसा.

मग फोटो आला. पडदा काळा होता. डावीकडे तळाशी एक ठिपका, त्याच्यापासून लांब आणखी एक. बाकी सगळी घरं रिकामी.

"अजून निवले नाहीत," धाकटी पुटपुटली.

"निवायला उरलेत कुठे?" दुर्बिणीने खुर्ची वळवली. एरवी टोमणे मारणारा हा माणूस, पण आज त्याचा सूर मऊ होता. "धरून ठेवणारा उजेडच त्यांना तापवतो. थोडा थोडा, पण तापवतोच. जास्त धरले की जातात. हे मला कुणी शिकवलं, बाईसाहेब? तुम्हीच ना?"

तिनेच शिकवलं होतं. नव्या मुलांना पहिल्या दिवशी ती हेच सांगायची: जाळी म्हणजे पाळणा नव्हे, जाळीचंही भाडं अणूंना भरावं लागतं. आपल्या हाताखालच्या कुणी ही चूक केली असती तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

"वाट बघण्यातच गेले की हो सगळे," दुर्बीण म्हणाला.

धाकटीने मान हलवली. दुर्बिणीने न विचारता आकडा उतरवला, पार खाली, तिच्या सकाळच्या आकड्याच्याही खाली. भांड्यात पुन्हा लाल दाणा उगवला, मावळला. जाळी पडली. कडा उंच झाल्या.

पडद्यावर ठिपके उमटले. मधोमध तीच खिचडी. पण वरच्या उजव्या कोपऱ्यात, हाताच्या तळव्यात मावेल एवढ्या जागेत, एक घर सोडून एक, एक घर सोडून एक. कुणी न सांगता.

"अरे!" दुर्बीण उठून उभाच राहिला. "बसले की! कोपऱ्यातले तरी बसले!"

ते बसले होते आणि फोटो पडद्यावर येईपर्यंत उधळूनही गेले होते. धाकटीने फोटो मोबाइलवर घेतला, कोट उचलला, आणि बंद करायची बटणं दुर्बिणीवर सोपवून निघाली.

---

खोलीत उतरतं ऊन होतं. भावजी दाराशी, थर्मास हातात. मोठीला उशांच्या आधाराने जरा वर टेकवलेलं. चेहरा कागदासारखा, डोळे मात्र वर्गावर नजर ठेवणाऱ्या बाईचेच.

"आज चेहरा वेगळा आहे," ती म्हणाली. "बसले वाटतं."

धाकटीने मोबाइल पुढे धरला. मोठीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"हे? एवढेसे? कोपऱ्यात?"

"एवढेच बसले."

"चालेल. माझ्याही वर्गात कोपऱ्यातलीच बसायची." ती हसली, हसताना खोकला आला, भावजी पुढे झाले, तिने हातानेच त्यांना थांबवलं. मग बोटाने एकेक ठिपका हलकेच मोजल्यासारखा शिवत म्हणाली, "शहाणी गं माझी लेकरं. आणि हेसुद्धा आता नाहीत ना?"

"नाहीत."

"पण होते."

"होते ताई."

तेवढ्यात मोठीचा फोन वाजला. लेक. मोठीने कानाला लावला आणि आवाजात कुठूनतरी बळ आणलं. "बोल गं... हो, मस्त आहे... मावशी आलीय, तिची पोरं शहाणी झालीत, फोटो दाखवतेय... काय? आज? कशाला पण?"

तिने फोनवर तळवा ठेवला. "विचारतेय, तिकीट काढू का. कुणाकडून तरी स्वस्तात मिळतंय म्हणे. परीक्षा सोडून यायचं म्हणतेय. हिला काय वेड लागलंय का?" ती हसत धाकटीकडे वळली. "नको म्हणून सांगते. सुट्टीलाच ये म्हणते. काय गं, सांगू ना?"

भावजींच्या हातात थर्मासचं झाकण थांबलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत शपथ होती, विनवणी होती, आणि तिच्यामागे रात्र-रात्र न झोपलेला, थकून गेलेला एक माणूस होता.

धाकटी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. हात अर्धवट पुढे आलेला, तसाच. ओठ उघडलेले, तसेच. पापणी हलत नव्हती. 'हो' म्हणवेना, 'नाही' म्हणवेना. फोनमधून पोरीचा बारीक आवाज येत होता: आई? आई, ऐकू येतंय का?

मोठीचं हसू हळूहळू विझलं. ती बहिणीकडे बघत राहिली. त्या हाताकडे, त्या ओठांकडे, त्या न हलणाऱ्या डोळ्यांकडे. या पोरीला असं उभं राहिलेलं तिने पूर्वी पाहिलं होतं. जगात फक्त तिनेच पाहिलं होतं.

"किती वेळ उभी आहेस गं अशी?" तिने विचारलं.

धाकटीच्या गालांवरून धारा लागल्या. ती हलली नाही.

मोठीने फोनवरचा तळवा तसाच घट्ट धरला. नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली. मग तिने श्वास गोळा केला. उशीच्या कडेपर्यंतही न पोचणारा तो आवाज कसाबसा पलंगाच्या पायथ्यापर्यंत आला.

"सुटला वारा..." मधे श्वास संपला. तिने पुन्हा घेतला. "सुटलं पाणी. हल गं आता."

धाकटीचा हात खाली आला. ती पलंगाला वळसा घालून गेली, मोठीच्या उशाशी बसली, आणि फोनवर ठेवलेल्या त्या हाडकुळ्या हातावर तिने आपला हात ठेवला.

"नको म्हणू नकोस," ती म्हणाली. "औषध लागू पडलं नाहीये, ताई. एकही नाही. डॉक्टरांनी आम्हाला कधीच सांगितलंय. सुट्टीपर्यंत वेळ नाहीये. तिला म्हणावं, आजच निघ."